लोणी मुद्दाम होतं

विनोना, २८ मे

रोझी,

फोन करणार होतो, पण तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी "नळ गळतोय" म्हणालो, तू "केस गळताहेत" ऐकलंस आणि पुढच्या आठवड्यात पोस्टाने तेलाची बाटली आली. त्यापेक्षा पत्रच बरं. तू वाचून तरी नीट घेतेस.

मी एक मूर्खपणा करून बसलोय. घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या क्लबकडे नायट्रोचा, नायट्रोजन गॅसवर बिअर ओतणारा, एकच नळ आहे, तो अकरा वर्षं माझ्या ताब्यात आहे, हे तुला माहीत आहे. दर हिवाळ्यात मी त्याच्यावर काळी दाट बिअर देतो, लोक दोन-दोन ग्लास पितात, गप घरी जातात. परवाच्या बैठकीत मायलो ब्रँडवोल्ड उठला. बोलायला लागला की थांबत नाही तो, तुला भेटला असता तर तू मशीन कानातून काढूनच ठेवलं असतंस. म्हणाला, "मे ते सप्टेंबर हा नळ डुएनच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडतो. मला द्या, मी उन्हाळ्यात त्याच्यावर काहीतरी हलकं देऊन दाखवतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "जुलैच्या सहलीला मीच देतो हलकी. आवडली नाही तर नळ तुझा."

आता वीस जुलैला तळ्याकाठी चाळीस माणसं ग्लास घेऊन उभी राहणार. जमली नाही तर नळ गेला. आणि नळ गेला की त्या क्लबात मी कशासाठी जातो, ते मला तरी सांगता येणार नाही.

तर तू सांग, कुठली करू? तुझ्या जुन्या वह्यांमध्ये हलक्या बिअरींचं सगळं आहे. आणि प्रत्येकीचा वास कसा असायला हवा, बिघडली तर कसा येतो, तेही नीट लिही. लवकर लिही. मला बसवत नाहीये.

डुएन


माइल्स सिटी, ५ जून

अरे डुएन,

त्रेसष्ट वर्षांचा झालास, अजून कुणी डिवचलं की शाळेतल्यासारखा उड्या मारतोस. नळ काय, उद्या मायलोने तुझा कुत्रा मागितला तरी पैज लावशील.

बरं, ऐक. नायट्रोचा गॅस बिअरमधला तिखटपणा काढून घेतो, बुडबुडे बारीक करतो आणि वर सायीसारखा फेस आणतो. त्यामुळे ज्या बिअरची सगळी मजा बुडबुड्यात आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस. पिल्सनर नायट्रोवर म्हणजे पिवळं पाणी. हॉप्सच्या कडू फुलांचा घमघमाट असलेली नको, वास अर्धा दबून जातो आणि कडूपणा तेवढा उरतो. आंबटही नको.

इंग्रजांची ती माइल्ड चांगली असते, ताकद कमी, चव भरपूर. पण रंग काळसर. जुलैच्या उन्हात तुमची विनोनाची माणसं काळा ग्लास बघूनच लिंबूपाण्याकडे वळतील. गव्हाची चालेल. पण माझं ऐकशील तर क्रीम एल कर. क्रीमचा थेंब नसतो त्यात, नावापुरतंच. मका थोडा, बाकी जव, आणि तू त्यात मूठ-दोन मूठ ओट्स टाक, म्हणजे हलकी असूनही जिभेला पोकळ लागणार नाही. नायट्रोवर ती नावाला जागेल.

आता मला एक सांग. वास कसा असायला हवा हे तू मला विचारतोस? तू? आईच्या स्वयंपाकघरात शिरून पाव आजचा की कालचा हे दारातून सांगणारा तू. माझ्या लग्नात माझीच बिअर हुंगून सगळ्यांसमोर "भांडं नीट धुतलं नव्हतंस" म्हणणारा तू. वीस वर्षं बिअरच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून नाकाने कांदे सोलतोयस, आणि आता माझ्या वह्या हव्यात?

काय झालंय?

रोझी


विनोना, १४ जून

रोझी,

काही झालेलं नाही. माणसाने एक साधी गोष्ट विचारली की लगेच चौकशी आयोग नेमायचा, ही तुझी जुनी सवय.

तुझं पत्र यायच्या आधीच मी गव्हाची करून टाकली होती. थांबवेना. आणि काय केलं असेल? हात सवयीने चालले, साध्या नळाच्या बिअरला भरतो तसा भरपूर गॅस भरला, मग नायट्रोच्या नळाला जोडली. अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं मी! नळ उघडला आणि नुसता फेस. ग्लासात फेस, बादलीत फेस, चपलांवर फेस, कुत्रा त्यात बसून जांभया देतोय. दोन दिवस गॅस सोडत बसलो. शेवटी एक नीट ग्लास निघाला. जिभेवर आला आणि गेला, काही राहिलंच नाही. मऊ आहे पण पोकळ. ओतून दिली सगळी.

क्रीम एल करतो. ओट्स टाकतो. पण किती? तू "मूठ-दोन मूठ" लिहितेस, तुझी मूठ की माझी? वजनात सांग. किती दिवस आंबवू, कुठल्या तापमानाला, सगळं आकड्यांत सांग.

इथे उकाडा भयंकर आहे. नदीवरून डास येतात ते थव्याने. झोप लागत नाही, पहाटे उठून गॅरेजमध्ये जातो, झाकणं उघडतो, परत लावतो. धरणाच्या कामावर परवा दरवाजा उघडायचा तो दुसऱ्याच बाजूचा उघडायला निघालो होतो, सोबतचा ओरडला म्हणून बरं. आकडे लवकर पाठव.

डुएन


माइल्स सिटी, २० जून

डुएन,

तुझी दोन्ही पत्रं तीनदा वाचली. आधीच्या वर्षींची पत्रंही काढली. दर पत्रात पानभर वासच असायचा. ओल्या धान्याचा, हॉप्सच्या पाकिटाचा, एकदा तर मायलोच्या मोज्यांचा. या दोन पत्रांत जीभ आहे, चपला आहेत, कुत्रा आहे. तू स्वतः घेतलेला वास एकदाही नाही.

तुला वास येत नाही का? हो किंवा नाही, एवढंच लिही. आकडे त्यानंतर.

रोझी


विनोना, २६ जून

रोझी,

हो.

फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे. मग एक दिवस कॉफी केली, पिऊ लागलो आणि कळलं की मी गरम कडू पाणी पितोय. मार्चमध्ये कुत्रा मेलेल्या माशावर लोळून आला, माझ्या पलंगावर चढला, शेजारीण दारातून नाक दाबून ओरडली तेव्हा मला समजलं. गोड कळतं, खारट कळतं, कडू, आंबट कळतं. बाकी सगळं गेलं. डॉक्टर म्हणतो दोन वर्षांत येईल, किंवा येणार नाही. खांदे उडवले त्याने. त्या खांद्यांवर मी दोन गुद्दे घातले असते.

कुणाला सांगितलेलं नाही. एप्रिलच्या परीक्षणाला आजारी असल्याचं सांगून गेलो नाही. तू आता पहिली.

आणि उन्हाळ्यात नायट्रोचं खूळ कशाला, असं तुला वाटत असेल तर ऐक. मायलोचा राग आला हे खरं, पण तेवढंच नाही. साधी बिअर मला आता नुसती सुया टोचल्यासारखी लागते. नायट्रोची मात्र कळते. ती मऊपणे येते, फेस ओठाला लागतो, जिभेवर तिचं वजन कळतं. एवढीच एक बिअर उरली आहे रोझी, जी पिताना मी काहीतरी पितोय असं वाटतं. तो नळ मायलोने नेला तर माझ्याकडे काय राहतं? मी लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, नदीचे दरवाजे उघडबंद करतो आणि बिअर करतो. त्यातली बिअर काढली तर मी कोण? विचार केला की उठून चालायला लागतो, अंगणात फेऱ्या घालतो, शेजारीण पडद्याआडून बघत असते.

कुणाला सांगू नकोस. वजन पाठव.

डुएन


माइल्स सिटी, १ जुलै

माझ्या वेड्या भावा,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. मग तुझा राग आला. फेब्रुवारी ते जून! पाच महिने तू एकटा ते घेऊन बसलास?

पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मला ऐकू येईनासं झालं तेव्हा दोन वर्षं मी नुसती मान डोलावत होते. पोस्टाच्या खिडकीवर माणसं काय सांगतात ते कळत नसे, मी हसून "हो ना!" म्हणायचे. मग शेजारच्या ओवेन्सच्या अंत्यविधीला त्याचा मुलगा माझ्याशी काहीतरी बोलला, मला वाटलं विनोद केला, मी मोठ्याने हसले. तो सांगत होता की बापाने शेवटच्या दिवशी माझी आठवण काढली होती. त्या घरात मी आजही जाऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन मशीन घेतलं.

म्हणून सांगते, लपवू नकोस. तो मायलो जवळ आहे, नाक शाबूत आहे त्याचं. सहलीच्या आधी त्याला एक ग्लास दे आणि म्हण, "बाबा, हुंगून सांग." बस.

ओट्स पाचशे ग्रॅम. यीस्ट घातल्यावर अठरा अंशांवर आंबव. बुडबुडे थांबले की लगेच गार करू नकोस, दोन-तीन दिवस तशीच उबदार राहू दे. यीस्टने केलेला पसारा यीस्टलाच आवरू दे. घाई केलीस तर फुकट जाईल. आणि शेगडी गॅरेजबाहेर अंगणात काढ, आजच्या आज. सिलिंडर गळला तर तुला कळणार नाही, हे तुझ्या डोक्यात आलं होतं का?

रोझी


विनोना, २२ जुलै

रोझी,

शेगडी बाहेर काढली. तेवढं एकच तुझं ऐकलं.

मायलोला सांगितलं नाही. त्याच्यासमोर ग्लास धरून "हुंग" म्हणायचं? नळ त्याच्या हातात देऊन वर त्याचा जोडा पुसण्यासारखं झालं असतं. आणि दोन-तीन दिवस थांब म्हणालीस, मी अर्धा दिवस थांबलो. बुडबुडे थांबले आणि मला दुसरं काही सुचेना. झाली की नाही हे मी पूर्वी नाकाने ठरवायचो, आता कशाने ठरवू? बसून वाट बघणं जमेना. गार केली, केगच्या पिंपात भरली, नळ जोडला आणि पहिला घोट घेतला.

काय सांगू तुला! अशी मऊ, अशी गुळगुळीत, जिभेवरून घसरत गेली. जणू कुणी आतून रेशीम लावलं होतं. मला वाटलं, तुझे ओट्स आणि माझा नळ, जमलं! अंगणात एकटाच नाचलो. शेजारणीने पडदाच ओढून घेतला.

शनिवारी तळ्याकाठी चाळीस माणसं. ऊन मी म्हणतंय. मी ओतायला लागलो. ग्लासात तो फेस खालून वर चढतो तसा चढत होता, बिअर सोन्यासारखी, लोक बघतच राहिले. मग प्यायले. पहिला म्हणाला, "वेगळीच आहे हं!" दुसरी म्हणाली, "काहीतरी वेगळं!" तिसरा म्हणाला, "वेगळी आहे बुवा."

तू इथेच वाढलीस, तुला माहीत आहे. विनोनात कुणी काही तोंडावर वाईट म्हणत नाही. लग्नातलं जेवण तोंडात घालवत नसेल तरी "वेगळं आहे" म्हणतात आणि ताट खाली ठेवतात. तो शब्द सात वेळा आला, मी मोजला. काय वेगळं? काहीतरी चुकलं होतं, सगळ्यांना कळत होतं, आणि मला विचारताही येत नव्हतं, कारण परीक्षकाने विचारायचं कसं? डोरीन ऐंशी वर्षांची आहे, तिने माझ्यासमोर ग्लास कुंडीत ओतला आणि "उकाडा फार आहे, फुलांना" म्हणाली.

मायलोने मात्र पूर्ण ग्लास संपवला. माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "लोणी मुद्दाम?"

आता मला कळलं. लोणी! थिएटरात लाह्यांवर ओततात तसलं लोणी! लवकर गार केली की येतं ते, मी स्वतः शंभर जणांना त्यावरून नापास केलंय. ते जिभेला गुळगुळीतही लागतं. म्हणजे मी ज्यावर नाचलो, तो दोषच होता रोझी. तो मला रेशमासारखा लागला.

मी म्हणालो, "अर्थात मुद्दाम." मग तो लेकाचा बाकावर चढला आणि सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, "ऐका, लोणी मुद्दाम आहे! क्रीम एल, म्हणून लोणी! डुएनची युक्ती आहे!" आणि रोझी, लोकांनी परत ग्लास उचलले. मान डोलावत प्यायले. दोघांनी कृती मागितली. कुणी नळाचं नावही काढलं नाही. ऑगस्टच्या बैठकीला "तीच लोण्याची बिअर" आणायला सांगितली आहे मला.

त्याने माझी चेष्टा केली, भर सभेत. आता पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडं पाडणार तो मला. मी घरी आलो, केग उलटा केला, सगळी गटारात सोडली. तेव्हापासून नीट जेवलेलो नाही. मी काय करू? क्लब सोडून देतो. पत्र लिहून कळवतो, की तब्येत बरी नाही.

डुएन


माइल्स सिटी, २७ जुलै

डुएन,

अरे गाढवा.

माणूस चेष्टा करायला बाकावर चढत नाही. नळ त्याला हवा होता. सगळे ग्लास खाली ठेवत होते. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, नळ आपोआप त्याच्या घरी गेला असता. त्याने काय केलं? पूर्ण ग्लास संपवला. मग तुझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन चाळीस माणसांना पाजलं. मला इथे सातशे मैलांवरून दिसतंय ते, तुला समोर उभं राहून दिसलं नाही.

त्याला माहीत आहे. कसं माहीत आहे ते मला ठाऊक नाही, पण आहे.

क्लबला पत्र लिहिलंस तर मी कायमची बोलणं बंद करीन, आणि तुला माहीत आहे, बोलणं बंद करणं मला जड जात नाही. ऊठ, चपला घाल, त्याच्याकडे जा. उद्या नको, आज. त्यानंतर मला लिही.

रोझी


विनोना, १४ ऑगस्ट

रोझी,

गेलो. तीन दिवस त्याच्या घरावरून गाडी नेली आणि थांबलो नाही. चौथ्या दिवशी तोच रस्त्यात उभा राहिला, हातात बागेचा पाइप. म्हणाला, "पेट्रोल जाळायचं असेल तर माझ्याही गाडीतलं जाळ."

मी गाडीत बसूनच सांगितलं. "मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून." एवढंच.

तो म्हणाला, "माहीत आहे. मार्चपासून."

मी म्हटलं, कसं? तर म्हणाला, मार्चच्या बैठकीत त्याने चुकून मला नासलेली बाटली दिली होती, उन्हात राहिलेली. घरी जाऊन त्यातलीच दुसरी उघडली तेव्हा त्याला कळलं. "तू ती पूर्ण प्यायलास आणि 'छान आहे' म्हणालास. वीस वर्षांत तू माझ्या कुठल्याही बिअरला छान म्हणाला नव्हतास. मला आधी आनंद झाला. मग भीती वाटली."

मी विचारलं, मग नळ कशाला मागितलास? तर खाली बघायला लागला. म्हणाला, "वाटलं, नळ काढून घेतला की तू चिडशील, भांडशील, आणि भांडता भांडता सांगशील. तुला सरळ विचारायची हिंमत नव्हती. तू पैज लावशील हे कुठे ठाऊक होतं?" रोझी, त्या माणसाने माझी किती काळजी केली आणि मी अडीच महिने त्याला शिव्या घालत होतो. मी गाडीतून उतरलो आणि रस्त्यात त्याला मिठी मारली. पाइपचं पाणी दोघांच्या पायांवर.

काल बैठक होती. सगळे लोण्याची बिअर मागत होते. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. वास नाही, लोणी ही चूक होती, मी खोटं बोललो, आणि परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढा. मग डोरीन म्हणाली, "म्हणजे लोणी मुद्दाम नव्हतं?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "सुटले बाई! मी दोनदा घरी करून बघितली." मग सगळे हसले, मीही हसलो, किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही.

नाव यादीतून काढलं. ते दुखतंय, खोटं सांगत नाही. नळ माझ्याकडेच ठेवला, कुणी मत मागितलंच नाही.

आज सकाळी नवीन क्रीम एल उघडली. या वेळी पुरे तीन दिवस थांबलो. मायलो रोज संध्याकाळी येऊन केगशेजारी बसायचा, मला हात लावू द्यायचा नाही. आज दोन ग्लास ओतले आणि अंगणात बसलो. मी घोट घेतला. मऊ, थोडी गोड, मागून किंचित कडू, आणि गुळगुळीत नाही. एवढं मला कळलं. वास, काही नाही. ग्लासात नाक खुपसलं तर फेस तेवढा नाकाला लागला.

मग मायलोने नाक लावलं आणि सुरू झाला. म्हणाला, पावाचा कडेचा भाग असतो ना, तो. मग वाळलेलं गवत. मग थोडा मका, कोवळा. मग कुठेतरी लांब, सालीसकट लिंबू. तुला सांगतो, वीस वर्षं हा माणूस बोलायला लागला की मी खिडकीबाहेर बघायचो. आज तो पाऊण तास बोलला. मध्येच दम घ्यायला थांबला की मी म्हणायचो, "आणखी सांग."

डुएन